कुलूप ज्याचे, औषधही त्याचेच

२०२५ च्या एप्रिल महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने तुरुंगातील मृत्यूंबाबत एक निर्णय घेतला. काम करताना झालेला अपघात, कैद्यांची आपसातली मारामारी, तुरुंग कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा, यांपैकी कशानेही कैद्याचा जीव गेला आणि चौकशीत प्रशासनाची चूक सिद्ध झाली, तर वारसांना ५ लाख रुपये. आत्महत्या असेल तर १ लाख. आणि वृद्धापकाळाने किंवा दीर्घ आजाराने मृत्यू झाला असेल तर काही नाही.

बातमी आली आणि विरूनही गेली. आपल्या घरांत ती फारशी वाचली गेली नाही, कारण तुरुंग म्हटले की मान खाली घालून पुढचे पान उलटायची आपल्याला सवय आहे. पण खरे सांगायचे तर प्रत्येक मोहल्ल्यात एखादे तरी घर असे असते, जिथला मुलगा किंवा बाप आत आहे आणि शेजारपाजारी तो 'बाहेरगावी कामाला' आहे असे सांगितले जाते. देशाच्या लोकसंख्येत मुसलमानांचा जेवढा वाटा आहे, त्यापेक्षा तुरुंगातला वाटा मोठा आहे, हे सरकारी आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तेव्हा हा विषय दुसऱ्या कुणाचा नाही.

त्या निर्णयातली पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा एकदा शेजारी ठेवून पाहा. वैद्यकीय निष्काळजीपणाने मेला तर ५ लाख, दीर्घ आजाराने मेला तर शून्य. आता समजा, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा एक माणूस दहा वर्षांपासून साखरेचा रुग्ण आहे. बाहेर होता तेव्हा रोज इन्सुलिन घेत होता. आत गेल्यावर आठ दिवस इन्सुलिन मिळाले नाही, पायाची जखम चिघळली, ताप डोक्यात गेला आणि तो दगावला. हा दीर्घ आजार की निष्काळजीपणा? आजार तर दीर्घ होताच. कागदावर कोणता शब्द लिहिला जातो, यावर सगळे ठरते. आणि तो शब्द लिहिणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा घरच्यांचा एकही कागद नसतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत त्या वर्षी १,९९५ मृत्यू नोंदले आहेत. त्यांपैकी १,७७३ 'नैसर्गिक'. अनैसर्गिक केवळ १५९. उरलेल्यांचे कारण कळलेले नव्हते. म्हणजे तुरुंगात मरणाऱ्या दर दहांपैकी जवळजवळ नऊ जण नैसर्गिक मृत्यूच्या खान्यात जातात. हृदयविकार, क्षय, फुप्फुसाचे आजार, यकृत, मूत्रपिंड, सगळे त्याच खान्यात. यांतले सगळेच हलगर्जीने मेले असे आम्ही म्हणत नाही. वय झालेली, आजारी माणसे तुरुंगातही असतात आणि मौत घरातल्या बिछान्यावरही येतेच. पण वेळेवर डॉक्टर मिळाला असता तर यांतले किती वाचले असते, हे त्या खान्यावरून कळायला काहीही मार्ग नाही.

त्याच अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० कैदी होते आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे, ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही अशी माणसे. आदर्श कारागृह नियमावलीत ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर असावा असे आहे. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या आवृत्तीनुसार प्रत्यक्षात देशभरात सरासरी ७७५ कैद्यांमागे एक आहे.

आता आमच्या गावाकडे येऊ. शिक्रापूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत अटक झालेला माणूस शिरूरच्या न्यायालयात उभा केला जातो, आणि न्यायालयीन कोठडी झाली की बहुधा येरवड्याची वाट धरतो. येरवडा इथून तीस-पस्तीस किलोमीटर. कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली, खराडी अशी बस रखडत जाते आणि वाघोलीच्या गर्दीत मुलाखतीची वेळ टळून गेली, असे सांगणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. येरवडा मध्यवर्ती कारागृहात क्षमतेच्या दुपटीहून जास्त कैदी असतात, हे वर्तमानपत्रांत अनेकदा आले आहे.

याच हद्दीतल्या कोरेगाव भीमा, सणसवाडी, वढू या गावांमध्ये १ जानेवारी २०१८ रोजी जे घडले ते इथे कुणी विसरलेले नाही. त्याच्या आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली होती. तिच्यावरून पुण्यात दाखल झालेल्या प्रकरणात पुढे जे सोळा जण पकडले गेले, त्यांतले शेवटचे होते फादर स्टॅन स्वामी. झारखंडात आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेले जेसुइट पाद्री. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीजवळून त्यांना अटक झाली तेव्हा वय ८३. कंपवाताचा आजार इतका वाढलेला की हातात पेला धरता येत नसे. त्यांना नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात ठेवले.

त्यांच्यावरच्या आरोपांत तथ्य होते की नव्हते, या वादात इथे शिरायचे कारण नाही. खटला उभाच राहिला नाही. आम्हाला सांगायची आहे ती एका पेल्याची गोष्ट. पाणी सांडू नये म्हणून लागणारा झाकणाचा पेला आणि नळी मिळावी, असा अर्ज त्यांनी ६ नोव्हेंबरला न्यायालयात केला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवस मागून घेतले. २६ नोव्हेंबरला उत्तर आले की अटकेच्या वेळी अशी कुठलीही वस्तू आम्ही ताब्यात घेतलेली नाही. पुन्हा नवा अर्ज. महिनाअखेरीस कुठे तुरुंगाने पेला दिला. बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणारी वस्तू. ती द्यायची कुणी, यावर तीन आठवडे गेले. तपास यंत्रणा म्हणते आमच्याकडे नाही, न्यायालय तुरुंगाकडे बोट दाखवते, तुरुंग आदेशाची वाट पाहते. जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचे उत्तर सापडेपर्यंत माणूस तहानलेला राहतो.

२१ मे २०२१ रोजी ते दूरचित्र प्रणालीवरून मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. आठ महिन्यांपूर्वी तळोजात आलो तेव्हा शरीर चालत होते, आपले आपण खाता येत होते, अंघोळ करता येत होती, आता एकेक करून सगळे गेले, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. जे. जे. रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. आपल्या माणसांत राहू द्या, एवढेच मागितले. त्या वेळी तळोजा कारागृहातले डॉक्टर तिघेही आयुर्वेदाचे होते, हे याच सुनावण्यांच्या काळात पुढे आले. २८ मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायचा आदेश दिला. तिथे कोरोना निघाला. ५ जुलै २०२१ रोजी त्यांच्या जामिनावर सुनावणी सुरू असतानाच डॉक्टरांनी न्यायालयाला कळवले की आज दुपारी ते गेले.

सरकारच्या बाजूने म्हणता येते की शेवटी त्यांना चांगल्या खासगी रुग्णालयात उपचार मिळाले, मग हलगर्जी कुठे? असे प्रश्न फक्त शेवटच्या आठवड्याकडे पाहून विचारले जातात. त्याआधीच्या आठ महिन्यांत काय झाले, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आज आपल्याला इतके तपशिलात माहीत आहे ते एकाच कारणाने: त्यांच्या वकिलांनी प्रत्येक वेळी लेखी अर्ज केला. पेल्याचाही. अर्ज होता म्हणून तारीख आहे, तारीख आहे म्हणून तीन आठवडे मोजता येतात.

ज्यांचे नाव मोठे नाही त्यांचे काय होते? येरवड्यातल्याच कांचन ननावरे. २०१४ पासून त्या कच्च्या कैदी म्हणून आत होत्या. हृदयाचा गंभीर आजार, प्रत्यारोपणापर्यंत गोष्ट गेलेली. आजारपणाच्या कारणावरचा जामीन अर्ज उच्च न्यायालयात पडून असतानाच जानेवारी २०२१ मध्ये ससून रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. नागपूर कारागृहातले पांडू नरोटे, गडचिरोलीचे आदिवासी तरुण, ऑगस्ट २०२२ मध्ये स्वाइन फ्लूने गेले. उपचाराला उशीर झाला, असा त्यांच्या वकिलांचा आरोप होता. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवले, त्यांत नरोटेही होते. नागपुरातच २०२१ मध्ये कमाल अन्सारी कोरोनाने वारले. ७/११ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण अन्सारींच्या घरच्यांसाठी निकाल कोणताही लागो, तो ऐकायला ते नाहीत. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आम्ही वकील नाही, शाळेत मुलांना मराठी आणि उर्दू शिकवतो. पण गावात अर्ज लिहून द्यायला शिक्षकच सापडतो, आणि अर्ज लिहिता लिहिता काही गोष्टी वाचाव्या लागल्या.

अनेकांचा समज असा की तुरुंग म्हणजे तिथल्या साहेबांचा कारभार, किंवा कोठडी म्हणजे गावच्या ठाण्याचा. अमेरिकेत काहीसे तसे आहे. तिथे छोटे तुरुंग काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी स्थानिक संस्था चालवते, आणि उपचार न मिळाल्याने कैदी मेला तर घरचे त्या संस्थेवर दावा लावतात. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गॅम्बल नावाच्या टेक्सासमधल्या कैद्याच्या प्रकरणात सांगितले की कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून डोळेझाक करणे ही राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षाच आहे. (गंमत अशी की हे तत्त्व ज्याच्या दाव्यातून आले तो गॅम्बल स्वतः हरला. कापसाची गाठ अंगावर पडून त्याची पाठ दुखावली होती. डॉक्टरांनी त्याला बऱ्याच वेळा तपासले होते, असे न्यायालयाला दिसले.) १९७८ च्या एका निकालाने मात्र स्थानिक संस्थेवर जबाबदारी टाकायची तर तिचे धोरण किंवा रूढ झालेली पद्धतच चुकीची होती, हे दाखवण्याची अट घातली. एका नोकराच्या चुकीपायी तिला धरता येत नाही.

आपल्याकडे तुरुंग हा राज्याचा विषय आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांचा त्याच्याशी संबंध नाही. तालुक्याच्या दुय्यम कारागृहाचा अधीक्षक तहसीलदार असतो, तोही राज्याचाच अधिकारी. पोलीस कोठडी गृह खात्याची, मध्यवर्ती कारागृह गृह खात्याचे, सरकारी रुग्णालय आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण खात्याचे. खाती वेगळी, पण मालक एकच: महाराष्ट्र शासन. म्हणून 'एस्कॉर्ट मिळाला नाही, ते पोलिसांचे काम' असे तुरुंगाने म्हणावे आणि 'कैदी आणलाच नाही' असे रुग्णालयाने म्हणावे, याला कायद्यात फारसा अर्थ उरत नाही. दोन्ही हात एकाच धन्याचे आहेत.

सरकारला अशा प्रकरणात जबाबदार धरता येते का, हा प्रश्न न्यायालयांनी कधीच निकालात काढला आहे. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईचा बावीस वर्षांचा मुलगा १९८७ मध्ये पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वे रुळाजवळ सापडले. त्या बाईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई दिली आणि सांगितले की माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आला असेल तर 'आम्ही सरकार आहोत' ही ढाल चालणार नाही. आंध्रातल्या कोइलकुंतलाच्या दुय्यम कारागृहात १९७७ मध्ये बॉम्ब टाकून एका कैद्याला मारले गेले. जिवाला धोका आहे हे अधिकाऱ्यांना आधी कळवले होते, तरी पहारा वाढवला नव्हता. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार ठरवले. तेवीस वर्षे लागली, पण ठरवले.

आणि पैसा नाही, जागा नाही, ही सबब? तिचेही उत्तर १९९६ मध्ये मिळाले. बंगालमधला हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि कलकत्त्याची एकामागून एक सरकारी रुग्णालये खाट नाही म्हणून त्याला परत पाठवत राहिली. शेवटी खासगी दवाखान्यात १७,००० रुपये खर्चून तो वाचला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये देवविले आणि सांगितले की निधीची अडचण सांगून सरकारला हे कर्तव्य टाळता येणार नाही. हकीम शेख मोकळा माणूस होता, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकला. कैद्याला तेवढेही शक्य नसते. बाहेर आपण एका डॉक्टरचा गुण आला नाही की दुसऱ्याकडे जातो, रात्री-बेरात्री मेडिकलवाल्याला उठवतो. आत डोकेदुखीची गोळीसुद्धा दुसऱ्याने दिली तरच मिळते. ज्याने कुलूप लावले, त्याच्यावर औषधाची जबाबदारी जास्त येते ती यामुळेच.

ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. सूरह दहरमध्ये मिस्कीन आणि यतीम यांच्या बरोबरीने कैद्याला खाऊ घालणाऱ्यांचा उल्लेख आहे, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. पण इमाम अबू यूसुफ यांनी खलिफा हारून रशीदसाठी लिहिलेल्या 'किताबुल खराज'मध्ये कैद्यांच्या खर्चाची तरतूद बैतुलमालातून, म्हणजे सरकारी तिजोरीतून करण्याची बाब आहे, हे कमी लोकांना माहीत असते. उन्हाळ्याचे-हिवाळ्याचे कपडे, आणि वारस नसलेल्या कैद्याचे कफन-दफनही. कैद्यांना साखळदंडात बाहेर काढून भीक मागायला लावण्याच्या चालीवर त्यांनी सडकून टीका केली होती. दहाव्या शतकात बगदादचे वजीर अली बिन ईसा यांनी मुख्य हकीम सिनान बिन साबित यांना लिहून कळवले की गर्दीमुळे आणि जागेच्या हालामुळे कैदी आजारी पडणारच, आणि त्यांना हकिमाकडे जाता येत नाही. तेव्हा हकिमांनीच रोज औषधे घेऊन तुरुंगात जावे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातले कारण आजही तसेच्या तसे लागू आहे.

तुरुंगाच्या डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. ते सांगतात की बराकीच्या जाचातून चार दिवस सुटका म्हणून दुखण्याचे नाटक करणारे बरेच असतात. असतील. ससूनच्या कैद्यांच्या वॉर्डात अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक आरोपी महिनोन्महिने राहिला आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथून पळाला, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले की खाट मिळते ती कधी कधी कुणाला. त्या प्रकरणानंतर खऱ्या आजाऱ्यांकडेही संशयाने पाहिले जाते, हा त्याचा दुसरा तोटा. पण नाटक की दुखणे, हे ठरवायचे कुणी? १८९४ चा कारागृह कायदा, इंग्रजांचा असूनही, यात अगदी स्पष्ट आहे. कलम ३७ म्हणते की ज्याला डॉक्टरकडे जायचे आहे किंवा जो आजारी दिसतो, त्याचे नाव पहाऱ्यावरच्या माणसाने विलंब न लावता वर कळवायचे. खरे-खोटे पारखायचा अधिकार त्याला दिलेलाच नाही. कलम २४ नुसार आत येणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि कलम ३९ नुसार प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी. अटकेतल्या माणसाच्या तब्येतीची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे ताब्यात ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५६ मध्ये आहे. पोलीस कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी, हा डी. के. बसू खटल्यातला निर्देश.

कलमे आहेत, पण ती आपोआप हलत नाहीत. त्यांना ढकलायला कागद लागतो, आणि तिथेच आपली घरे कमी पडतात.

अटक झाली की घरातले दागिने मोडून वकील केला जातो. ते हवेच. पण घरातल्या कपाटातली डॉक्टरची फाइल कपाटातच राहते. एका विद्यार्थ्याची आई आमच्याकडे आली होती, नवरा आत, तिला त्याच्यासाठी अर्ज लिहून हवा होता. त्याला काय होते विचारले तर 'शुगर आहे, आणि बीपीची लाल गोळी'. गोळीचे नाव माहीत नाही, डॉक्टरची चिठ्ठी कुठे तरी असेल. मुलाखतीत काचेपलीकडून नवऱ्याने पाय सुजल्याचे सांगितले होते आणि तिने खिडकीवरच्या माणसाला तोंडी सांगितले होते, तीन वेळा. तिन्ही वेळा 'बघतो' म्हणाले. ती खरेच बोलत होती, यात शंका नाही. पण ज्या दिवशी हे प्रकरण न्यायालयात जाईल, त्या दिवशी त्या तीन वेळांचा पुरावा काय? अर्ज लिहून झाल्यावर पहिले काम म्हणून तिला जुन्या दवाखान्यात पाठवले, चिठ्ठ्यांच्या नकला आणायला. तिथल्या डॉक्टरांनी आजार आणि औषधांची नावे लेटरहेडवर लिहून दिली, शिक्का मारून. तो कागद अर्जाला जोडला. पुढच्या मुलाखतीला नवऱ्याने सांगितले की बाहेरच्या रुग्णालयात नेऊन आणले.

तेव्हा अर्ज साधा असावा. कारागृह अधीक्षकांच्या नावे. बंद्याचे नाव, वडिलांचे नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे. कोणता आजार किती वर्षांपासून. कोणती औषधे, कधी, किती. आता काय त्रास होतो आणि तो कोणत्या तारखेच्या मुलाखतीत कळला. आणि 'डॉक्टरांकडून तपासणी करून उपचार द्यावेत' ही एक ओळ. रडारड नको, आरोप नकोत. दोन प्रती कराव्यात आणि दुसरीवर आवक शिक्का व तारीख घेऊन पोच जवळ ठेवावी. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. एक प्रत वकिलाला द्यावी. वकिलाने त्यावरून न्यायालयाकडून तुरुंगाचा वैद्यकीय अहवाल मागवावा; न्यायाधीशांचा आदेश गेला की पहाऱ्याची 'कैदी पार्टी'ही मिळते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. आजारी किंवा अशक्त आरोपीला जामीन देताना न्यायालयाला जास्त मोकळीक आहे, संहितेच्या कलम ४८० मध्ये. दहशतवादविरोधी कायद्यांत ते अवघड होते, तरी अशक्य नाही: त्याच एल्गार प्रकरणातले वयोवृद्ध कवी वरवरा राव यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तब्येतीच्या कारणावर जामीन दिला होता.

माहितीच्या अधिकाराचेही एक कलम लक्षात ठेवावे. एरवी उत्तराला तीस दिवस लागतात, पण माहिती कुणाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या माथ्यावर तसे ठळक लिहावे.

रमजानबद्दल एक गोष्ट. आत असलेले अनेक जण बाहेर कधी न धरलेले रोजेही तिथे धरतात, दिल लागलेले असते. साखरेच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते धरावेत की नाही हे आधी डॉक्टरला विचारायला मुलाखतीत जरूर सांगा. आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिलेली आहे. आणि जो रोजे धरतोच, त्याच्या गोळ्या सेहरी आणि इफ्तारच्या वेळी मिळाव्यात, असा अर्ज रमजान लागण्याच्या पंधरा दिवस आधी द्या.

वकील परवडत नसेल तर? कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. बायकांनाही तो आहे, म्हणजे आत असलेल्याची पत्नी किंवा आई स्वतःच्या नावाने मदत मागू शकते. १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. तिथे गेले तर 'सरकारी वकील म्हणजे समोरच्या पार्टीचा' हा गैरसमज घरीच ठेवून जावे. तो वकील वेगळा, हा वेगळा.

आणि अल्लाह न करो, पण माणूस गेलाच तर? आपल्याकडे पहिली घाई असते दफनाची. ती धर्माने योग्यच आहे, तरी कोठडीतल्या मृत्यूत शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्याने होतेच. संहितेचे कलम १९६. त्याला विरोध करू नये. उलट घरच्यांना जबाब द्यायचा हक्क असतो, तो सोडू नये. 'आमची काही तक्रार नाही' असा मजकूर असलेल्या कोऱ्या किंवा टंकलेल्या कागदावर त्या दिवशी कुणीही सही किंवा अंगठा देऊ नये. दुःखात वाचायची शुद्ध नसते, म्हणून एखादा शिकलेला नातेवाईक सोबत असावा. तुरुंगाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे. घरच्यांनीही स्वतंत्र पत्र पाठवावे. शवविच्छेदन अहवाल, चौकशी अहवाल आणि तुरुंगाच्या रुग्णालयातल्या नोंदी, या तिन्हींच्या नकला लेखी मागाव्यात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या अमानवी परिस्थितीच्या प्रकरणात सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितले होते की २०१२ ते २०१५ या काळात अनैसर्गिक रीतीने मेलेल्या कैद्यांचे वारस शोधून भरपाईचे पाहावे. तिथेही शब्द तोच, अनैसर्गिक.

एप्रिल २०२५ च्या निर्णयानुसार ५ लाखांच्या प्रस्तावाची सुरुवात कारागृह अधीक्षकांच्याच प्राथमिक चौकशीतून व्हायची आहे. म्हणजे ज्यांच्या ताब्यात माणूस गेला, पहिला कागद त्यांचाच. त्या कागदाशेजारी ठेवायला घरच्यांकडे आवक शिक्क्याचा, तारखेचा एक तरी अर्ज असेल, तर 'दीर्घ आजार' या शब्दांपुढे कुणाला तरी थांबून विचारावे लागेल की या तारखेला हा अर्ज आला होता, त्यावर काय केले.